युसूफभाईंनी आणलेले दगड

घोरपडे पेठेतल्या युसूफभाईंनी अर्ध्या पुण्याला महाराष्ट्र दाखवला आणि स्वतः त्यातलं काहीही पाहिलं नाही, असं मी म्हटलं तर तुम्ही म्हणाल, तिखटमीठ लावून सांगतोय. पण शपथेवर सांगतो, अक्षर न् अक्षर खरं आहे. महाबळेश्वर, कास, भीमाशंकर, माळशेज, सगळीकडे त्यांची सहलीची बस जाऊन उभी राहिली. बस थांबली की माणसं टोप्या चढवून, पाण्याच्या बाटल्या सांभाळत उतरायची आणि युसूफभाई दाराशी घडीची खुर्ची टाकून बसायचे. कासला काय आहे हो बघण्यासारखं, असं कोणी विचारलं तर ते गंभीरपणे सांगत, "चिखल फार आहे. गाडी वरच्या अंगाला लावावी." भीमाशंकरबद्दल त्यांचं मत असं की सावली उत्तम, पण माकडं आरसे फोडतात.

त्यांना गाडी चालवायला शिकवलं कासिम उस्तादांनी. उस्तादांचा नियम एकच होता. ड्रायव्हरनं गाडी सोडायची नाही. लोक तुमच्या भरवशावर पर्सा, औषधं, स्वेटर, सगळं सीटवर टाकून जातात. तुम्ही मजा बघायला गेलात तर तो भरवसा कोणाच्या गळ्यात बांधायचा? उस्ताद अल्लाला प्यारे झाले, पण नियम युसूफभाईंच्या अंगात मुरला तो मुरलाच. त्यांच्या गाडीतून आजवर कोणाची टाचणी गेली नाही. एकदा नव्या पेठेतल्या एका आजोबांची कवळी सीटच्या खिशात राहिली होती, तर हा गडी दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांच्या नाश्त्याच्या आधी ती घेऊन दारात हजर! ही गोष्ट ते स्वतः सांगत नसत. पण दुसरं कोणी सांगायला लागलं की मधे बोलत नसत, आणि मान जरा ताठ व्हायची.

आता दगडांचं सांगतो, कारण सगळी भानगड तिथून सुरू झाली.

युसूफभाईंची एकुलती एक मुलगी उम्मेहानी. घरात सगळे हानी म्हणतात. ती लहान असताना बाप सहलीवरून आला की दारातच अडवायची, "माझ्यासाठी काय आणलं?" गाडी सोडायची नाही म्हटल्यावर दुकानात जाणार कधी आणि आणणार काय? एकदा महाबळेश्वरला त्यांना निघता निघता आठवण झाली. चाकाजवळ एक काळा, धारदार दगड पडला होता. तोच उचलला, खिशात टाकला आणि घरी येऊन म्हणाले, "हा बघ, खास महाबळेश्वरचा." पोरीनं तो दगड दोन्ही हातांनी घेतला. झालं! त्या दिवसापासून प्रत्येक जागेचा एक दगड आणायचा, असं होऊन बसलं. खिडकीत बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता, त्यात ते दगड जमत गेले. नसीमबानू, म्हणजे हानीची आई, झाडताना रोज करवादायची, "लोकांच्या घरात सोनं साठतं, आमच्याकडे दगड."

पुढे हानीनं कॉलेजात भूशास्त्र घेतलं. नसीमबानूला कळेना, दगडांत शिकायचं काय असतं. युसूफभाईंनाही कळत नव्हतं, पण ते म्हणाले, "शिकू दे." ती एम.एस्सी. झाली तेव्हा त्यांनी गाड्यांच्या अड्ड्यावर सगळ्यांना पेढे चारले आणि सांगितलं, "आमची हानी दगडांची डॉक्टर झाली." ती डॉक्टर झालेली नव्हती. पण बापाच्या आनंदात कोण दुरुस्त्या करतो?

तर, युसूफभाई ज्या कंपनीची बस चालवत, तिचे मालक अभयशेठ. त्यांनी नवीन टूम काढली होती. नुसतं नेऊन आणायचं नाही, बरोबर माहिती सांगणारा गाईड द्यायचा. हानीनं बापाला न विचारता तिथं अर्ज केला. अभयशेठ म्हणाले, "एक सहल करून बघू. निघोजचे रांजणखळगे. सदाशिव पेठेतला फिरायला जाणाऱ्यांचा गट आहे, श्रीनिवासराव त्याचे प्रमुख. संध्याकाळी त्यांचा मला फोन येईल. ते हो म्हणाले तर तुमचं काम पक्कं. नाही म्हणाले तर राम राम."

श्रीनिवासरावांचं नाव ऐकून युसूफभाईंनी कपाळाला हात लावला. हा गृहस्थ टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला आणि नाकावर माशी बसू न देणारा. मागच्या सहलीचा गाईड मोबाइलमध्ये बघून माहिती वाचत होता. श्रीनिवासराव उतरताना त्याला म्हणाले होते, "तुमचा फोन हुशार आहे. पुढच्या वेळी त्यालाच पाठवा." तो बिचारा पुन्हा कधी दिसला नाही.

आणि गाडी कोणाची? अर्थातच युसूफभाईंची.

सहलीच्या पहाटे नसीमबानूनं दोन डबे भरले, मेथीची भाजी आणि चपात्या. जुनी हिरवी बुट्ट्यांची ओढणी फाडून तिची दोन फडकी केली होती, त्यांत डबे बांधले. हानी चपला घालता घालता म्हणाली, "अब्बा, एक सांगू? आज गाडीत मी तुम्हाला ओळखत नाही. तुम्ही मला मॅडम म्हणा, मी तुम्हाला काका म्हणेन."

"का गं?"

"म्हणा ना. आजच्या दिवस."

युसूफभाई "बरं" म्हणाले. आणखी काय म्हणणार? पण बस काढायला जाताना ते दोघं चालले होते ते एका मागून एक, आणि युसूफभाईंच्या मनात एकच किडा वळवळत होता. पोरीला आपली लाज वाटते का? शिकली-सवरली, इंग्रजी बोलते. ड्रायव्हरची मुलगी म्हणवून घ्यायला तिला नको वाटत असेल, तर त्यात तिचं तरी काय चुकलं? असं त्यांनी मनाला पुन्हा पुन्हा समजावलं. मन काही ऐकेना.

टिळक रस्त्यावर मंडळी आधीच येऊन उभी होती. श्रीनिवासरावांनी हानीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही गाईड? कॉलेज बुडवून आलात वाटतं?"

"कॉलेज संपलं, काका. आता तुमची शाळा घ्यायला आलेय."

मंडळी हसली. श्रीनिवासराव हसले नाहीत, पण भुवई एवढीशी वर गेली. युसूफभाईंनी आरशात ते टिपलं आणि घाईघाईनं म्हणाले, "मॅडम, बसा मॅडम, निघू या का मॅडम?" एका दमात तीनदा! हानीनं डोळे वटारले.

नगर रस्त्याला लागल्यावर तिनं माइक घेतला. पोरगी बोलायला लागली आणि युसूफभाई ऐकतच राहिले. घरी ही चहात साखर कमी आहे एवढंच बोलणारी मुलगी! कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा कसा वाहिला, थरावर थर कसे बसले, आपलं अख्खं पुणं त्या काळ्या दगडावर कसं उभं आहे. "तुमच्या सदाशिव पेठेच्या खालीसुद्धा तोच आहे," ती म्हणाली.

"सदाशिव पेठेच्या खाली काय आहे ते आम्हाला नका सांगू," श्रीनिवासराव बोललेच. "रोज कोणीतरी खणून दाखवतं."

शिक्रापूरच्या पुढे मिसळ झाली. गाडी पुन्हा निघाली तशी पोटं भरलेली माणसं जरा सैलावली. श्रीनिवासरावांनी मात्र विचारलं, "काय हो, मुली डॉक्टर होतात, कॉम्प्युटरमध्ये जातात. तुम्हाला हे दगडांचं वेड कोणी लावलं?"

"वडिलांनी," हानी म्हणाली.

युसूफभाईंनी कान टवकारले.

तिनं सगळं सांगितलं. तो पत्र्याचा डबा, महाबळेश्वरचा दगड, कासचा, माळशेजचा. "कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी तो डबा मोठ्या ऐटीत सरांना दाखवायला नेला. त्यांनी एकेक दगड हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, बाळ, ही सगळी रस्त्याची खडी आहे. क्रशरमधून निघालेली."

गाडीत हशा पिकला. कोणी टाळ्या वाजवल्या. आणि युसूफभाईंच्या कानांच्या पाळ्या तापल्या. खडी! इतकी वर्षं आपण पोरीला खडी आणून देत होतो, आणि तिला ते माहीत होतं, आणि तिनं कधी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. काय वाटलं असेल तिला भर वर्गात? त्यांना वाटलं, गाडी बाजूला घ्यावी आणि कुठंतरी तोंड लपवावं.

"म्हणजे वडिलांनी चांगलंच फसवलं तुम्हाला," श्रीनिवासराव म्हणाले.

"नाही काका. त्या दिवशी मी घरी येऊन खूप रडले, ते वेगळ्याच गोष्टीसाठी. खडी कुठं पडलेली असते? पार्किंगमध्ये. माझे वडील तुमच्यासारख्यांना घेऊन सगळीकडे जातात. ड्रायव्हर आहेत ते, सहलीच्या गाडीवर. लोकांचं सामान सोडून जायचं नाही म्हणून गाडीजवळ बसतात. इतक्या जागा फिरून ते कधी पार्किंगच्या पुढे गेलेच नव्हते. मी तेव्हाच ठरवलं, ज्या जागांच्या दारातून ते परत आले, त्या मी शिकायच्या."

ड्रायव्हर हा शब्द ती जसा म्हणाली, तसा माणूस कलेक्टर म्हणतो. लाज? लाजेचा मागमूस नव्हता त्यात. युसूफभाईंच्या मनातला सकाळपासूनचा किडा तिथल्या तिथं मेला. समोरची काच एकदम अंधूक दिसायला लागली आणि त्यांनी वायपर चालू केला. बाहेर लख्ख ऊन पडलेलं होतं. पहिल्या सीटवर श्रीनिवासरावांच्या पत्नी, कुसुमताई, बसल्या होत्या. त्यांनी वायपरकडे पाहिलं, ड्रायव्हरकडे पाहिलं, आणि ड्रायव्हरच्या मागे शेजारी शेजारी टांगलेल्या दोन डब्यांकडे पाहिलं.

निघोजला गाडी झाडाखाली लागली. मंडळी हानीच्या मागे कुंडाकडे उतरली. युसूफभाईंनी खुर्ची काढली, दाराशी मांडली आणि नेहमीसारखे बसले. खरं सांगायचं तर नेहमीसारखे नव्हते बसले. दर थोड्या वेळानं उठून टाच वर करून पाहत होते. नदीकडून हानीचा आवाज तुटक तुटक येत होता, शब्द कळत नव्हते. श्रीनिवासराव मधेच काही विचारत असतील, ती अडली तर नसेल? चपला घसरतील. पाणी प्यायली असेल का? बापाचा जीव, दुसरं काय.

बऱ्याच वेळानं श्रीनिवासराव एकटेच चढण चढून आले, घाम पुसत.

"काही विसरलं का, साहेब?" युसूफभाई ताडकन उठले.

"हो. तुम्हाला."

"जी?"

"किल्ली द्या. मी बसतो इथं. तुम्ही खाली जाऊन या."

"नाही साहेब, गाडी सोडून..."

"अहो, मी टेलिफोन खात्यात आयुष्य काढलं, कोणाची तार चोरली नाही. तुमचे टायर घेऊन या गुडघ्यांनी कुठवर पळणार आहे? जा म्हणतो ना!"

युसूफभाईंनी खिडक्या लावल्या, दार ओढून पाहिलं, किल्ली दिली, चार पावलं गेले आणि परत येऊन म्हणाले, "साहेब, तिसऱ्या सीटवर बीपीच्या गोळ्या आहेत, तेवढं लक्ष ठेवा." मग गेले. कासिम उस्तादांची त्यांनी मनातल्या मनात माफी मागितली.

आणि उतारावरून खाली वळल्यावर जागच्या जागी थांबले.

नदीचं अख्खं पात्र काळ्या खडकाचं, आणि त्या खडकात ही भोकं! कुठं घागरीएवढी, कुठं आडाएवढी. जणू कोणी खडकातच रांजण पुरून ठेवलेत आणि आत हात फिरवून फिरवून ते गुळगुळीत केलेत. तळाशी हिरवं पाणी, पलीकडे देवीचं देऊळ, वर झुलता पूल. "या अल्ला," ते म्हणाले. इतक्या वेळा इथं येऊन गेलो आणि हे सगळं या उताराखाली होतं? एवढ्याशा उताराखाली?

एका मोठ्या रांजणाच्या काठाशी हानी उभी होती, भोवती सगळी मंडळी. "खळग्यात एक दगड अडकतो," ती सांगत होती. "पावसाळ्यात पाणी जोरात येतं, भोवऱ्यात त्याला गरागरा फिरवतं. रवी ताकात फिरते ना, तसं. दगड खडकाला घासतो, स्वतःही घासला जातो. हजारो वर्षं हेच चालू."

केस पिकलेली माणसं शाळेतल्या पोरांसारखी माना पुढे काढून ऐकत होती, आणि बोलत होती आपली हानी. युसूफभाईंचा ऊर असा भरून आला की श्वास घ्यायला जागा राहिली नाही. मागच्या मागे उभं राहून ते ऐकत होते. पायाशी एका लहानशा खळग्यात एक दगड दिसला. काळाभोर, गोल, लाडवासारखा. हात आपोआप खाली गेला. इतक्या वर्षांची सवय! खडी नाही, आज खरा दगड. तो उचलून ते खिशाकडे नेणार, तोच आवाज आला.

"अब्बा! ठेवा तो दगड!"

सगळ्यांच्या माना वळल्या. हानीनं जीभ चावली. युसूफभाई दगड हातात घेऊन चोरासारखे उभे. झालं कल्याण, त्यांना वाटलं. पोरीचं काम आपल्या या दळभद्री हातानं घालवलं. आता ही सगळी वर जाऊन श्रीनिवासरावांना सांगणार की ड्रायव्हरनं आपली मुलगी गुपचूप घुसवली. सारवासारव करायला तोंड उघडलं, पण खोटं काही सुचेना.

"अहो, त्यात एवढं दचकायचं काय?" कुसुमताई म्हणाल्या. "मला गाडीतच कळलं. दोन्ही डब्यांची फडकी एकाच ओढणीची आहेत. आणि उन्हात वायपर कोण लावतं?"

कोणीतरी खुदकन हसलं. युसूफभाईंनी हानीकडे पाहिलं. तिचा चेहरा लाल झाला होता, पण हात अजून तसाच पुढे, दगड ठेवा असं सांगणारा. सगळ्यांच्या देखत बापाला दटावणारी, आणि तेही अगदी रास्त. मग काय झालं त्यांना कोण जाणे, ते एकदम ताठ उभे राहिले आणि पलीकडच्या काठावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "माझी मुलगी आहे ही! माझी! आणि ती सांगते ते बरोबर आहे. इथला दगड इथंच राहिला पाहिजे." वाकून त्यांनी दगड होता त्याच खळग्यात, होता तसाच ठेवला.

मंडळी पुलाकडे गेली तेव्हा हानी बापाचा हात धरून त्यांना एकेक रांजण दाखवत हिंडली. त्यांनी विचारलं, "म्हणजे हा दगड इतकी वर्षं एकाच जागी गोल गोल फिरत बसलाय?"

"हो."

"बिचारा ड्यूटीवर आहे," युसूफभाई म्हणाले, आणि दोघं खळखळून हसली.

परतीच्या वाटेवर श्रीनिवासराव खिडकीबाहेर बघत बसले. कुसुमताईंनी कानाशी लागून त्यांना सगळं सांगितलं होतं, हे आरशात दिसलं. टिळक रस्त्यावर गाडी थांबली, मंडळी उतरली, आणि श्रीनिवासरावांनी दारातच फोन काढला. हानी माइकची वायर गुंडाळत होती, तिची बोटं थांबली.

"अभय, श्रीनिवास बोलतोय. हो, पोचलो. गाईड? गाईड ठीक आहे." पुण्यात ठीक म्हणजे काय ते पुण्याबाहेरच्यांना कळणार नाही, पण युसूफभाईंचा जीव भांड्यात पडला. "पण एक गंभीर तक्रार आहे. तुमच्यात ड्रायव्हरला जागा बघायला मिळत नाही म्हणे. हे मला चालणार नाही. पुढच्या महिन्यात आम्ही कासला जातोय. ड्रायव्हर खाली उतरेल, गाडीपाशी आमच्यातलं कोणीतरी आळीपाळीनं बसेल. काय? हो, हीच मुलगी. दुसरं कोणी पाठवलंस तर आम्ही येणार नाही. ठेवतो."

फोन खिशात टाकून ते हानीकडे वळले. "बापाला दिवसभर काका म्हणत होतीस. शोभतं का?" आणि उत्तराची वाट न बघता कुसुमताईंच्या मागे चालू पडले.

गाडी रिकामी झाली. युसूफभाईंनी सवयीनं सीटखाली वाकून पाहिलं, कोणाचं काही राहिलंय का. मग विचारलं, "सकाळी मला ओळख का नव्हती द्यायची?"

"तुमच्या गाडीत बसलेली माणसं तुमच्यासाठी कोणालाही हो म्हणतील, अब्बा. युसूफभाईंची मुलगी म्हटलं की संपलंच. मला एकदा माझं मला बघायचं होतं."

युसूफभाईंनी शर्टाच्या खिशात हात घातला आणि मूठ तिच्यापुढे उघडली. काळा, धारदार, चाकाखालचा दगड.

हानीनं तो दोन्ही हातांनी घेतला. "अब्बा, ही खडी आहे."

"खडीच आहे. पार्किंगमधूनच उचललीय," युसूफभाई म्हणाले. "पण निघोजची आहे. मी पाहून आलोय निघोज."